'सरकार' लिहायला गेलो आणि उमटलं 'म्ज्केज्'

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांतल्या मराठीच्या वापराबद्दल शासन निर्णय काढला. कार्यालयात मराठीत बोला, पाट्या मराठीत लावा, यावर बातम्या झाल्या, वादही झाले. त्याच निर्णयातली एक बारीकशी गोष्ट मात्र चर्चेत मागे राहिली. संगणकाच्या कीबोर्डवर रोमन अक्षरांच्या जोडीला देवनागरी अक्षरंही छापलेली हवीत.

असा एक कीबोर्ड समोर ओढा. संगणकावर मराठी लिहिण्याची तुमची नेहमीची पद्धत, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारी, तशीच चालू ठेवा. आता कळांवर छापलेली मराठी अक्षरं बघून 'सरकार' लिहा. 'स'ची कळ, 'र'ची, 'क'ची, काना, पुन्हा 'र'. पडद्यावर येईल 'म्ज्केज्' किंवा असंच काहीतरी तोंड वाकडं करणारं.

कीबोर्ड बिघडलेला नाही आणि तुमचंही चुकलेलं नाही. 'स' जिथे छापलाय ती इंग्रजी 'एम'ची कळ आहे, 'र' छापलाय 'जे'वर, काना 'ई'वर. 'क' तेवढा योगायोगाने 'के'च्याच कळीवर बसलाय, म्हणून पाचांतलं एकच अक्षर खरं उमटलं. छापणाऱ्याने एक व्यवस्था छापली, तुम्ही दुसरी वापरताय. या दोन व्यवस्था काय आहेत, एकीला सोपी आणि दुसरीला अवघड का म्हणतात, आणि तो समज कितपत खरा आहे, हे जरा खोलात जाऊन बघू.

गाव, पाटी आणि रस्ता

संगणकाला 'म' माहीत नसतो. त्याला आकडे माहीत असतात. म्हणून जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एकेक कायमचा क्रमांक देण्याची पद्धत ठरली, तिचं नाव युनिकोड. गावाला पिनकोड असतो तसा अक्षराला क्रमांक. देवनागरीच्या वाट्याला १२८ जागा आल्या. 'मराठी' हा शब्द संगणक साठवतो तो असा: २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. म्हणजे म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. अक्षरं तीन दिसतात, आकडे पाच आहेत. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

पिनकोड झाला. गावाच्या वेशीवर पाटी असते, ती कोणी जाड अक्षरांत रंगवतो, कोणी बारीक. ही पाटी म्हणजे फॉन्ट. आणि गावाला जायचे रस्ते अनेक असतात, ती म्हणजे टायपिंगची पद्धत. गाव तेच, पाटी बदलू शकते, रस्ता बदलू शकतो.

मराठी टायपिंगबद्दलच्या निम्म्या तक्रारी या तिघांची गल्लत झाल्यामुळे येतात. 'माझा ल आणि श हिंदीसारखा का दिसतो?' ही पाटीची तक्रार आहे. मराठी वळणाच्या ल-श ला वेगळा क्रमांक नाही, फॉन्ट बदलला की वळण बदलतं. 'मला ळ सापडत नाही' ही रस्त्याची तक्रार. 'फाईल उघडली तर सगळं इंग्रजी कचरा दिसतंय' ही मात्र गावच चुकल्याची तक्रार आहे.

बहुरूप्यांचा जमाना

ती शेवटची तक्रार ज्यांनी केली आहे त्यांचं वय साधारण सांगता येतं. युनिकोड सगळीकडे रुळायच्या आधी आपल्याकडे मराठी छपाई आणि कार्यालयीन काम वेगळ्याच युक्तीवर चालायचं. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सुरेख अशा नावांचे फॉन्ट होते. त्यांतल्या बहुतेकांची गंमत अशी की फाईलमध्ये साठायचे ते इंग्रजी अक्षरांचे किंवा चिन्हांचे क्रमांक. फक्त पडद्यावर त्यांचा चेहरा मराठी रंगवलेला असायचा. दारावर येणारा बहुरूपी पोलिसाच्या वेशात असतो, पण पोलीस नसतो, तसंच. आपल्या संगणकावर तो फॉन्ट आहे तोवर रंग टिकतो. फाईल दुसरीकडे पाठवली, तिथे तो फॉन्ट नाही, की रंग धुतला जातो आणि आतला इंग्रजी कचरा उघडा पडतो.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण बहुरूप्याच्या मजकुरात शोध घेता येत नाही, याद्या अकारविल्हे लावता येत नाहीत, कारण संगणकाच्या लेखी तिथे मराठी नाहीच. दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, कितीतरी मजकूर अशा फॉन्टांत अडकून पडला आणि तो युनिकोडमध्ये आणायला वेगळी रूपांतरकं लागतात. तेव्हा कुठल्याही पद्धतीने टायपा, पण युनिकोडमध्ये टायपा. यापुढे मी जे काही सांगतोय ते फक्त रस्त्यांबद्दल आहे. गाव एकच धरलंय.

इंग्रजीतून मराठी: एक नियमाने, एक अंदाजाने

एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत आणणं म्हणजे लिप्यंतर. भाषांतर नव्हे. शब्द मराठीच राहतो, फक्त लिपी बदलते. लिप्यंतराचा कीबोर्ड हेच काम आपण टायपत असताना करतो. आपण रोमन अक्षरं दाबतो, तो देवनागरी उमटवतो.

पण या एका नावाखाली दोन वेगळ्या वृत्तीची साधनं येतात, आणि कोणतं वापरतोय हे पुष्कळांना माहीत नसतं.

पहिलं नियमाचं. अमुक दाबलं की अमुकच येणार, दर वेळी. लहान लिपीतला 'टी' म्हणजे त, मोठ्या लिपीतला म्हणजे ट. लहान 'एन' म्हणजे न, मोठा म्हणजे ण. लहान 'एल'चा ल, मोठ्याचा ळ. आकार हवा तर 'ए' दोनदा. नव्वदच्या दशकात आयट्रान्स नावाची अशी पद्धत संस्कृत श्लोक आणि गाणी लिहून ठेवणाऱ्यांमध्ये पसरली. कानडीसाठी १९९८ साली निघालेलं बराहा पुढे मराठीलाही वापरता येऊ लागलं. मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्या पिढीला 'गमभन' हे असंच साधन आठवत असेल. कथा, पाककृती आणि भांडणं असं पुष्कळ काही त्याच वाटेने लिहिलं गेलं. 'टंकाळा' हा शब्दही त्याच वस्तीतला. टंकायचा आळस तो टंकाळा.

दुसरं अंदाजाचं. यात मोठी-लहान लिपी पाळायची गरज नाही. ओबडधोबड स्पेलिंग टाका, साधन आपल्याजवळच्या शब्दांच्या साठ्यावरून ठरवतं की तुम्हाला काय म्हणायचं असेल, आणि चार-पाच पर्याय पुढे करतं. गूगलची साधनं याच वृत्तीची. मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिता तेव्हा बहुधा हेच चालू असतं.

नियमाचं साधन म्हणजे रेशनच्या दुकानातला कारकून. कार्डावर जे लिहिलंय तेच मिळेल, एक दाणा इकडे-तिकडे नाही. अंदाजाचं साधन म्हणजे हॉटेलातला जुना वेटर. तुम्ही बसलात की न विचारता चहा. बहुतेक वेळा तो बरोबर असतो आणि फार बरं वाटतं. ज्या दिवशी तुम्हाला कोकम सरबत हवं असतं, त्या दिवशी दोनदा सांगावं लागतं.

'के-ए-एल' म्हणजे नेमकं काय?

अंदाज लागतो कशाला, हे कळायला एक शब्द पुरे. 'के-ए-एल' अशी तीन रोमन अक्षरं घ्या. मराठीत हे काय आहे? काल असू शकतं. काळ असू शकतो. मतदारांचा कल असू शकतो. पोटातली कळ असू शकते, आणि आपण जी दाबतोय ती कीबोर्डची कळसुद्धा.

चार वेगळे शब्द तीन अक्षरांत कोंबले गेले, कारण रोमन लिपीत अ आणि आ वेगळे करायची साधी सोय नाही, ल आणि ळ वेगळे करायची तर नाहीच. त आणि ट, द आणि ड, न आणि ण या जोड्यांचंही तेच. 'टी-एच' म्हणजे थ की ठ, हे ठाण्याच्या माणसाला विचारा. इंग्रजी पाटी वाचून त्याच्या गावाला 'थाने' म्हणणारे त्याने कमी पाहिलेले नाहीत.

मराठीतून आपण आधी रोमन लिपीच्या अरुंद बोळात शिरतो. शिरताना ळ, ण, ट, काना, दीर्घ वेलांटी हे सगळं सामान दाराशी ठेवतो. पलीकडे बाहेर पडल्यावर साधन म्हणतं, थांबा, तुमचं सामान काय काय होतं ते मी आठवून सांगतो. नियमाची पद्धत बरी, कारण ती मोठ्या लिपीच्या खुणा करून सामानाची चिठ्ठी करायला लावते. अंदाजाची पद्धत चिठ्ठी मागत नाही.

रोजच्या शब्दांत हे खपून जातं. घोळ होतो तो नावांत. आडनाव, गावाचं नाव, शेताचं नाव यांना शेजारच्या शब्दांचा आधार नसतो, म्हणून अंदाज करायला काहीच हाताशी नसतं. मोडक आणि मोदक यांचं रोमन स्पेलिंग एकच. काळे आणि काले यांचंही. ज्या अर्जात आधी इंग्रजी नाव भरायचं आणि मराठी नाव आपोआप उमटायचं असतं, तिथे दोन ओळी खाली जाऊन ते मराठी नाव डोळ्यांनी वाचा. बोळातून बाहेर आलेल्या मोडकांचा मोदक झालेला कागद एकदा सहीशिक्क्याचा झाला, की तो परत मोडक करून घ्यायला किती खेपा लागतात हे ज्याचं त्यालाच माहीत. 'जुना वाडा विकणे आहे' ही जाहिरात 'जुना वडा विकणे आहे' अशी निघाली तर निदान हसून सोडून देता येते.

एक फुकटचा सल्ला इथेच देऊन टाकतो. अंदाजाचं साधन वापरत असाल तर त्यात भाषा 'मराठी' निवडली आहे ना, हे तपासा. पुष्कळांकडे नकळत 'हिंदी' असते. तिथे काळाचा काला होतो आणि पाण्याचं पानी होतं, आणि माणूस समजतो की संगणकाला मराठी येत नाही.

आचार्य आणि आचारी

आता खास मराठी दुखण्याकडे येऊ. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' यांत दक्षिणा कोणाच्या खिशात गेली? पहिल्यात गुरुजींच्या, दुसऱ्यात स्वयंपाक्याच्या. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. फरक फक्त र कसा जोडलाय याचा. एकात तो रफार होऊन डोक्यावर बसतो, दुसऱ्यात आडवा होऊन य ला बिलगतो. दुसऱ्या, वाऱ्यावर, करणाऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड: या आडव्या र-शिवाय मराठी एक परिच्छेद पुढे सरकत नाही. हिंदीला त्याची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या साधनांत त्याची सोय राहून जाते किंवा कोपऱ्यात टाकली जाते.

युनिकोडमध्ये त्याची सोय आहे. साध्या र चा क्रमांक २३५२ आणि त्याच्या लगेच पुढे, २३५३ वर, खाली टिंब असलेला ऱ. हा ऱ, मग हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण, मग य, असं दिलं की 'ऱ्य' तयार होतो. साधा र दिला तर 'र्य'. पण हाच आडवा र उमटवायचा आणखी एक मार्ग आहे: साधा र, हलन्त, आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. जुन्या मराठी संकेतस्थळांवर हा दुसरा मार्ग खूप वापरला गेला. मजकूर इकडून तिकडे नेताना एखादी प्रणाली ते अदृश्य चिन्ह कचरा समजून काढून टाकते, आणि 'करणाऱ्या'चं 'करणार्या' होतं. जुन्या लेखांत हे 'दुसर्या', 'वार्यावर' दिसलं की आपण लेखकाला अशिक्षित ठरवतो. बिचाऱ्याने बरोबर लिहिलेलं असू शकतं, वाटेत चिन्ह गळलं असेल.

असाच प्रकार ॲ चा. 'ॲसिडिटी' लिहायला आधी अ घेऊन त्यावर चंद्र द्यायचा, म्हणजे दोन क्रमांक, २३०९ आणि २३७३. मग २००८ मध्ये युनिकोडने या अक्षराला स्वतःची जागा दिली, २४१८. शिवाय ए वर चंद्र असलेला, हिंदी वळणाचा ऍ आधीपासून होताच. आता 'अॅप' आणि 'ॲप' शेजारी ठेवून बघा. बहुतेक फॉन्टांत फरक दिसणार नाही. पण फाईलमध्ये एक शोधायला गेलात तर दुसरा सापडेलच याची खात्री नाही.

"अर्थ कळला ना? मग झालं!"

हा आक्षेप प्रामाणिक आहे. मित्राला 'उद्या येतो' कळवायचंय, तिथे ऱ्हस्व-दीर्घ कोण बघतो? मीही बघत नाही. मित्राला रोमन लिपीतच लिहिलंत तरी माझं काही म्हणणं नाही.

पण लिहिलेलं नंतर कोणीतरी शोधणार असेल, तर वाचणारा पहिला माणूस नसतो, संगणक असतो. आणि त्याला 'अर्थ कळत' नाही, आकडे जुळतात किंवा जुळत नाहीत. शाळेच्या यादीत 'आणी' लिहा की 'आणि', मुख्याध्यापक वाचतील. कार्यालयाच्या नोंदीत एकाच माणसाचं नाव तीन ठिकाणी काळे, काले, काळें असं असेल, तर संगणकाच्या लेखी ती तीन माणसं आहेत. अंदाजाच्या साधनात पहिला पर्याय दिसला की आपण स्पेसबार दाबून पुढे जातो. त्या पहिल्या पर्यायात वेलांटी पहिली की दुसरी, हे आपण ठरवलेलंच नसतं.

छापलेली अक्षरं कुठून आली?

आता सुरुवातीच्या कीबोर्डकडे परत. त्यावर छापलेल्या व्यवस्थेचं नाव इनस्क्रिप्ट. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण केली, पुढे १९९१ च्या भारतीय मानकात ती आली आणि आज विंडोज, लिनक्सवर आयतीच असते. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही.

पहिल्यांदा बघितली की ती वेड्यासारखी वाटते. स 'एम'वर का, आणि प 'एच'वर का? इंग्रजी कीबोर्डकडे बघत राहिलं तर उत्तर सापडणार नाही. इंग्रजी अक्षरं विसरा आणि बाराखडी डोळ्यांसमोर आणा. डाव्या हाताला बहुतेक स्वर आणि त्यांच्या खुणा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मराठी शब्दात व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर असं चालतं, म्हणून टायपताना उजवा-डावा-उजवा-डावा असा हात पडतो, तबल्यावर पडावा तसा. क च्या कळीवरच शिफ्ट धरली की ख. ग वर घ, च वर छ, ज वर झ, त वर थ, द वर ध, प वर फ, ब वर भ. काना ज्या कळीवर, शिफ्टने आ तिथेच. ल वर ळ. ऱ कुठे? र वर शिफ्ट. आचारी आणि आचार्य यांच्यात एका शिफ्टचं अंतर.

म्हणजे पाठ करायच्या जागा दिसतात त्याच्या जवळजवळ निम्म्याच. आणि एकदा पाठ झाल्या की गुजराती, बंगाली, तेलुगू यांच्या इनस्क्रिप्टमध्येही क, त, प त्याच बोटाखाली असतात. देवनागरीतल्या कोकणीचं तर सांगायलाच नको.

दुसरा फायदा मोजून दाखवता येतो. देवनागरीत व्यंजनाच्या पोटात अ असतोच, तो लिहावा लागत नाही. रोमनमधून जाताना मात्र तो दर वेळी दाबावा लागतो. 'भारत' इनस्क्रिप्टमध्ये चार कळा: भ, काना, र, त. नियमाच्या लिप्यंतराने आठ. 'महाराष्ट्र' इथे दहा, तिथे तेरा. एका शब्दात हे काहीच नाही. दिवसभर टिपण्या लिहिणाऱ्याच्या बोटांना विचारा.

टाइपरायटरवर शिकलेल्यांची तिसरी व्यवस्था आहे, रेमिंग्टन आणि गोदरेज घराण्यातली. सरकारी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची मराठी परीक्षा देऊन आलेली माणसं तिच्यावर विलक्षण वेगाने काम करतात. त्यांना युनिकोडमध्ये एकच गोष्ट खटकते. यंत्रावर कागद पुढे सरकत असल्यामुळे 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी मारायची आणि क नंतर. युनिकोडमध्ये जसं बोलतो तसं: आधी क, मग वेलांटी. ती क च्या डावीकडे काढायचं काम संगणक करतो. वीस वर्षं बसलेला हात मोडायचा म्हणजे त्रास आहेच. अशांनी त्यांची जुनीच मांडणी पण युनिकोड उमटवणारं साधन घ्यावं, नवीन काही शिकायच्या भानगडीत पडू नये.

"हे शिकायला वेळ कुणाला आहे?"

दिवसाला चार ओळी लिहिणाऱ्याला नाही, आणि त्याने शिकूही नये. लिप्यंतराने लाखो माणसांना मराठी लिहितं केलं, हे मोठं काम आहे. परदेशात वाढलेली, बोलता येतं पण मुळाक्षरं डळमळीत आहेत अशी मुलं आजीला देवनागरीत लिहू शकतात ती याच्यामुळे. त्याला नाकं मुरडणारे इनस्क्रिप्टचे कट्टर लोक मला पटत नाहीत.

मात्र ज्याचं पोट मराठी टायपिंगवर आहे त्याने हिशोब वेगळा करावा. शिक्षक, पत्रकार, अनुवादक, वकिलांकडचे लेखनिक, ग्रामपंचायतीतले कर्मचारी यांनी रोज बोळातून जाऊन सामान मोजत बसण्यात अर्थ नाही. शिवाय दुसऱ्याच्या साधनावर विसंबण्याचा एक धोका असतो. गूगलने विंडोजसाठीचं आपलं उतरवून घ्यायचं लिप्यंतराचं साधन देणं केव्हाच थांबवलं. तरी आजही लोक त्याच्या जुन्या प्रती कुठल्या कुठल्या अनोळखी जागांवरून उतरवून घेतात आणि सोबत काय काय घरात येतं ते बघत नाहीत. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आयता आहे. लिप्यंतरच हवं तर निदान ते घ्या.

"आता तर बोललं की लिहून येतं"

येतं, आणि चांगलं येतं. 'आचाऱ्यांना' हा शब्द नीट उच्चारला तर आडवा र बरोबर येण्याची शक्यता बोलण्यात जास्त, कारण तिथे रोमनचा बोळ नाही. ज्यांना टायपणं शक्यच नाही त्यांच्यासाठी तर हे वरदान आहे.

पण तोही वेटरच आहे, फक्त कानाने ऐकणारा. आडनावं, गावांची नावं, अहिराणी-मालवणी शब्द आले की तोही ओळखीचं काहीतरी आणून ठेवतो. कार्यालयात सहा जण एकाच खोलीत बोलून लिहायला लागले तर काय होईल त्याची कल्पना करा. आणि गोपनीय टिपणी मोठ्याने वाचून लिहायची, हे कसं जमायचं? मजकूर बोलून घेतला तरी दुरुस्तीला हात कीबोर्डकडेच वळतो.

मधली ओळ

शिकायचं ठरलंच तर संगणकाच्या सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा. विंडोजमध्ये त्याखाली साधा 'मराठी' कीबोर्ड असतो, तो इनस्क्रिप्ट. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी आलटून पालटून येतं. मराठी विकिपीडियावर संपादनाच्या चौकटीतच लिप्यंतर आणि इनस्क्रिप्ट दोन्ही मिळतात, तिथे सराव करायला काही जोडावंही लागत नाही.

छापील कीबोर्ड नसेल तर स्टिकर आणू नका. स्टिकर असला की नजर खाली जाते आणि बोटं कधीच शिकत नाहीत. विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून ठेवा, तो चालू असलेली अक्षरं पडद्यावरच दाखवतो.

पहिले तीन-चार दिवस फक्त मधली ओळ. डावीकडून: ओकाराची खूण, मात्रा, हलन्त, पहिली वेलांटी, पहिला उकार. मग उजव्या हाताला प, र, क, त, च, ट. एवढ्यात पोट, कोट, रोप, पेच, चित्र, कुत्रे होतात. 'तेच ते कोरे पत्र' हे अख्खं वाक्य बोटं मधल्या ओळीवरून न हलवता लिहिता येतं. ते न बघता जमलं की वरच्या ओळीतला काना आणि दुसरी वेलांटी घ्या, काका-काकी येतात. मग खालच्या ओळीतला स. तिथवर पोचलात की छापलेली अक्षरं न बघता 'सरकार' लिहून बघा.